सॉफ्टवेअर-परिभाषित क्लाउड नेटवर्कची सुरक्षा

सॉफ्टवेअर-परिभाषित क्लाउड नेटवर्कची सुरक्षा ही संगणक सुरक्षेची एक शाखा आहे. मेघ संगणन अर्थात क्लाउड केंद्रांमधील जी नेटवर्क यंत्रांच्या जोडणीने नव्हे, तर सॉफ्टवेअरच्या आज्ञांनी घडवली व चालवली जातात, त्यांचे हल्ल्यांपासून रक्षण करण्याच्या तत्त्वांचा, उपायांचा व कार्यपद्धतींचा तीत समावेश होतो. अशा नेटवर्कला सॉफ्टवेअर-परिभाषित नेटवर्क, संक्षेपाने एसडीएन, असे म्हणतात. बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील नोंदी, परीक्षांचे निकाल, जन्म-मृत्यूचे दाखले अशा अनेक दैनंदिन सेवा आज क्लाउडवर अवलंबून आहेत. त्यामुळे हा विषय केवळ अभियंत्यांपुरता राहिलेला नाही.

## संकल्पना

पारंपरिक नेटवर्कमध्ये प्रत्येक स्विच व राउटर स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. आलेले पॅकेट कोणत्या मार्गाने पुढे पाठवायचे हे ठरवणे आणि ते प्रत्यक्ष पाठवणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रात होतात. एसडीएनमध्ये ही कामे वेगळी केली जातात. निर्णय घेणाऱ्या भागाला नियंत्रण स्तर आणि पॅकेट वाहून नेणाऱ्या भागाला वहन स्तर म्हणतात. नियंत्रण स्तरात नियंत्रक नावाचे सॉफ्टवेअर असते. ते संपूर्ण नेटवर्कचा नकाशा बाळगते आणि प्रत्येक स्विचला नियम पाठवते. स्विच हे नियम प्रवाह-तक्त्यात साठवतो व त्यांनुसार पॅकेट पुढे पाठवतो, अडवतो किंवा टाकून देतो.

कालव्याच्या उपमेने हा फरक स्पष्ट होतो. पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक दारावरचा पाटकरी आपल्यापुरते पाहून पाणी सोडतो. नव्या पद्धतीत सर्व दारे एका नियंत्रण कक्षातून उघडतात व मिटतात. त्यामुळे पाण्याचे वाटप नेमके आणि जलद होते. परंतु त्या कक्षाची किल्ली चुकीच्या हाती पडली, तर एका दाराचे नव्हे, तर साऱ्या लाभक्षेत्राचे पाणी त्या हाताच्या अधीन होते. एसडीएनच्या सुरक्षेचा मूळ प्रश्न हाच आहे. केंद्रीकरणाने नेटवर्कवर देखरेख ठेवणे सोपे होते आणि त्याच केंद्रीकरणाने हल्लेखोराला एकच मोठे लक्ष्य मिळते.

## इतिहास

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्टिन कसाडो व त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'ईथेन' हा प्रकल्प मांडला. नेटवर्कमध्ये कोण कोणाशी बोलू शकेल हे एका मध्यवर्ती नियंत्रकाने ठरवावे, ही त्यातील कल्पना होती. म्हणजे आरंभी या विचारामागे सुरक्षेचाच हेतू होता. २००८ साली निक मॅककिओन, गुरू परुळकर, जेनिफर रेक्सफर्ड, स्कॉट शेंकर आदींनी 'ओपनफ्लो' या संवादनियमावलीवरील निबंध प्रसिद्ध केला. नियंत्रकाने स्विचशी कोणत्या भाषेत बोलावे हे ओपनफ्लोने निश्चित केले. २०११ साली ओपन नेटवर्किंग फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. २०१२ साली व्हीएमवेअर या कंपनीने 'निसिरा' ही नवी कंपनी सुमारे १.२६ अब्ज डॉलरना विकत घेतली. २०१३ साली गूगलने आपल्या डेटा केंद्रांना जोडणाऱ्या 'बी-४' या एसडीएन नेटवर्कची माहिती प्रसिद्ध केली. ओपनडेलाइट (२०१३) व ओएनओएस (२०१४) हे मुक्तस्रोत नियंत्रक त्याच काळात पुढे आले.

भारतात २०१४ साली शासकीय कामकाजासाठी 'मेघराज' ही क्लाउड सेवा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले.

## क्लाउडमधील रचना

क्लाउड केंद्रात एकाच इमारतीतील, पुष्कळदा एकाच संगणकावरील, साधने अनेक ग्राहक वापरतात. या ग्राहकांना तांत्रिक भाषेत भाडेकरू म्हणतात. एका भाडेकरूची माहिती दुसऱ्याला दिसू नये यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र आभासी नेटवर्क दिले जाते. जुन्या व्हीलॅन पद्धतीत ओळख-क्रमांक १२ बिटांचा असल्यामुळे ४,०९४ आभासी नेटवर्कच शक्य होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत हा क्रमांक २४ बिटांचा आहे. त्यामुळे सुमारे १ कोटी ६७ लाख विभाग पाडता येतात. मात्र व्हीएक्सलॅन वाहतूक वेगळी ठेवते, गुप्त करीत नाही. पॅकेटवर विभागाची चिठ्ठी लावली जाते, पण पाकीट उघडेच असते. मधल्या तारेपर्यंत पोहोचलेला हल्लेखोर ते वाचू शकतो. म्हणून कूटबद्धीकरणाची वेगळी व्यवस्था करावी लागते.

## धोक्यांचे प्रकार

### नियंत्रकावरील हल्ला

नियंत्रक ताब्यात आल्यास हल्लेखोर वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो, फायरवॉलचे नियम काढू शकतो किंवा सारे नेटवर्क बंद पाडू शकतो. २०१४ साली ओपनडेलाइट नियंत्रकात 'नेटडंप' हा दोष आढळला. त्याचा उपयोग करून नियंत्रकावरील फाइली बाहेरून वाचता येत होत्या. दोषाची सूचना मिळूनही दुरुस्तीला काही महिने लागले. त्यानंतर त्या प्रकल्पाने सुरक्षेसाठी स्वतंत्र प्रतिसाद पथक नेमले.

### खोटी ओळख

नियंत्रकाशी जोडणी करताना स्विच आपला ओळख-क्रमांक सांगतो. ओपनफ्लोच्या प्रारंभिक संवादात हा क्रमांक खरा आहे की नाही याची सक्तीची पडताळणी नव्हती. २०१८ साली हा दोष सार्वजनिकरीत्या नोंदवला गेला. टीएलएस कूटबद्धीकरण ओपनफ्लोच्या पुढील आवृत्त्यांत ऐच्छिक ठेवले गेले. त्यामुळे ते न वापरता उभारलेल्या नेटवर्कमध्ये खोटा स्विच किंवा खोटा नियंत्रक शिरण्याचा धोका राहतो.

### नकाशात फेरफार

नियंत्रकाचे सर्व निर्णय त्याच्याजवळील नकाशावर अवलंबून असतात. कोणते स्विच एकमेकांना जोडलेले आहेत हे तो एलएलडीपी संदेशांवरून ओळखतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, बनावट संदेश पाठवून नियंत्रकाच्या नकाशात अस्तित्वात नसलेला दुवा उमटवता येतो. नकाशाच खोटा झाल्यावर नियंत्रक प्रामाणिकपणे चुकीचा निर्णय घेतो.

### सेवा-नकार हल्ला

अनोळखी पॅकेट आल्यास स्विच त्याविषयी नियंत्रकाला विचारतो. हल्लेखोराने प्रतिसेकंद हजारो वेगवेगळी बनावट पॅकेट सोडली, तर नियंत्रक प्रश्नांखाली दबून जातो. त्याच वेळी स्विचचा मर्यादित प्रवाह-तक्ताही निरुपयोगी नियमांनी भरतो. परिणामी खऱ्या वापरकर्त्यांची वाहतूक खोळंबते.

### चुकीची मांडणी

क्लाउडमधील अनेक मोठ्या घटनांचे मूळ असाधारण कौशल्याच्या हल्ल्यात नसून चुकलेल्या मांडणीत असते. २०१९ साली कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या क्लाउडवरील फायरवॉलच्या सदोष मांडणीतून अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. फायरवॉलला गरजेपेक्षा अधिक अधिकार दिलेले होते.

हल्लेखोर नसतानाही हानी होऊ शकते. २ जून २०१९ रोजी गूगल क्लाउडमध्ये मांडणीतील चुका व सॉफ्टवेअरमधील एक दोष एकत्र आल्याने अनेक ठिकाणचे नेटवर्क-नियंत्रक एकाच वेळी थांबले आणि सेवा चार तासांहून अधिक काळ विस्कळीत झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुक, व्हॉट्सअॅप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले.

## संरक्षणाचे उपाय

### नियंत्रण स्तराचे रक्षण

नियंत्रकाचे नेटवर्क ग्राहकांच्या वाहतुकीपासून पूर्णपणे वेगळे ठेवले जाते. नियंत्रक व स्विच यांच्यात दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्रांची पडताळणी करणारे टीएलएस वापरले जाते. त्यामुळे स्विचला नियंत्रक खरा असल्याची व नियंत्रकाला स्विच खरा असल्याची खात्री पटते. एकच नियंत्रक न ठेवता तीन किंवा पाच नियंत्रकांचा गट ठेवतात आणि बहुमताने निर्णय घेतात. तीनपैकी एक बंद पडला तरी काम चालू राहते. विषम संख्या ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. चार नियंत्रकांच्या गटातही एकच नियंत्रक बंद पडलेला चालतो, म्हणजे चौथ्यामुळे सहनशक्ती वाढत नाही.

### सूक्ष्म-विभाजन

जुन्या पद्धतीत संस्थेच्या वेशीवर एक फायरवॉल असे व आतील सर्व यंत्रे एकमेकांवर विश्वास ठेवत. वेस ओलांडलेला हल्लेखोर मग आत मोकळा फिरू शके. सूक्ष्म-विभाजनात प्रत्येक सर्व्हरभोवती स्वतंत्र नियम असतात. उदाहरणार्थ, संकेतस्थळाचा सर्व्हर माहितीसाठ्याशी एका ठरावीक मार्गाने बोलू शकतो, पण लेखा विभागाच्या संगणकाशी बोलू शकत नाही. एसडीएनचा सर्वांत मोठा सुरक्षा-लाभ येथे दिसतो. हजारो सर्व्हरांचे नियम हाताने लिहिणे अशक्यप्राय असते. नियंत्रक ते आपोआप लावतो, आणि सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवला तरी त्याचे नियम त्याच्यासोबत जातात.

### शून्य-विश्वास

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये शून्य-विश्वास रचनेचे मार्गदर्शक तत्त्व प्रसिद्ध केले. एखादी विनंती नेटवर्कच्या आतून आली म्हणून ती विश्वासार्ह मानू नये, हे त्याचे सार आहे. प्रत्येक वेळी व्यक्ती, यंत्र व प्रसंग यांची पडताळणी करावी आणि कामापुरताच, मर्यादित काळासाठी अधिकार द्यावा, असे ते सांगते.

### नियमांची पूर्वतपासणी, नोंदी व राखीव प्रती

नेटवर्कचे नियम संगणकीय संहितेच्या रूपात लिहिले जात असल्याने ते लागू करण्यापूर्वी तपासता येतात. दोन नियम परस्परविरोधी आहेत काय, एखादा मार्ग अनवधानाने उघडा राहतो काय, हे तपासणारी साधने उपलब्ध आहेत. महत्त्वाच्या बदलास दुसऱ्या व्यक्तीची संमती आवश्यक ठेवणे, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि चूक झाल्यास आधीच्या स्थितीत परतण्याची सोय करणे ही कार्यपद्धतीची अंगे आहेत. माहितीची निदान एक राखीव प्रत नेटवर्कपासून पूर्णतः तुटलेली असावी. अन्यथा रॅन्समवेअर मूळ माहितीबरोबर तिची प्रतही कुलूपबंद करते.

## भारतातील व महाराष्ट्रातील घटना

पुढील घटना काटेकोर अर्थाने एसडीएन-नियंत्रकावरील हल्ल्यांच्या नाहीत. तथापि विभाजनाचा अभाव, निर्णयकेंद्राची फसवणूक, सामायिक सेवेवरील अवलंबन व अधिकार-ओळखीचा गैरवापर या प्रश्नांची ती प्रत्यक्ष उदाहरणे आहेत.

जवाहरलाल नेहरू बंदर (२०१७): २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विनाशकारी संगणक-कार्यक्रम जगभर पसरला. त्याचा आरंभ युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाला. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जाळ्यातून तो रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील, त्याच समूहातर्फे चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलपर्यंत पोहोचला व तेथील मालहाताळणी विस्कळीत झाली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. एका देशातील दूषित संगणकापासून दुसऱ्या खंडातील बंदरापर्यंत पोहोचताना मध्ये पुरेसे अडथळे नव्हते, हा या घटनेचा मुख्य धडा मानला जातो.

कॉसमॉस बँक (२०१८): पुणे येथे मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएममधून पैसे काढताना विनंती एटीएम स्विच नावाच्या प्रणालीकडे जाते. ती प्रणाली बँकेच्या मूळ खातेप्रणालीला विचारून होकार किंवा नकार देते. हल्लेखोरांनी एक पर्यायी खोटा स्विच उभा केला आणि तो मूळ प्रणालीला न विचारताच होकार देऊ लागला. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून सुमारे ७८ कोटी व भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या स्विफ्ट प्रणालीतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. निर्णय देणाऱ्या केंद्राची जागा खोट्या केंद्राने घेतल्यास काय घडते, हे या घटनेतून दिसते. एसडीएनमधील खोट्या नियंत्रकाचा धोका याच जातीचा आहे.

एम्स, दिल्ली (२०२२): नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर रॅन्समवेअर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीसह अनेक कामे काही दिवस कागदावर करावी लागली. नेटवर्कचे विभाजन योग्य नसल्यामुळे हा प्रकार घडल्याचे केंद्र शासनाने संसदेत सांगितले.

सी-एज टेक्नॉलॉजीज (२०२४): मुंबईस्थित सी-एज ही कंपनी सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना सामायिक तंत्रसेवा पुरवते. जुलै २०२४ अखेर तिच्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला. ३१ जुलै रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने कंपनीला आपल्या किरकोळ देयक प्रणालीपासून तात्पुरते तोडले. त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची देयक सेवा थांबली व ती १ ऑगस्ट रोजी पूर्ववत झाली. येथे विलगीकरणामुळे ग्राहकांची गैरसोय झाली, परंतु हल्ला देशाच्या देयक प्रणालीत पसरण्याचा संभव टळला.

शेंदुरसनी, जिल्हा यवतमाळ (२०२५): आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीची लोकसंख्या सुमारे दीड हजार आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत तिच्या नावाने जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणकीय प्रणालीत २७,००० हून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. याप्रकरणी गुन्हा नोंदवून तपासासाठी विशेष पथक नेमण्यात आले. जन्मदाखल्यावरून पुढील अनेक ओळखपत्रे मिळू शकतात, म्हणून अशा नोंदींचे परिणाम त्या गावापुरते राहत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने येथील मुद्दा अधिकार-ओळखीचा आहे. योग्य प्रवेशनाम वापरणारा प्रत्येक जण योग्य व्यक्ती असतोच असे नाही. एका लहान गावातून अचानक हजारो नोंदी होऊ लागताच त्या थांबवणारी मर्यादा प्रणालीत असणे, हा शून्य-विश्वास तत्त्वाचा व्यावहारिक अर्थ होय.

## कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ४३ व ६६ अनधिकृत प्रवेश व हानी यांविषयी, तर कलम ६६-सी हे ओळखचोरीविषयी आहे. कलम ७०-बी अन्वये सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था सायबर घटनांचा प्रतिसाद सांभाळते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक फसवणुकीची तक्रार नागरिकांना १९३० या क्रमांकावर करता येते.

## जिल्हा पातळीवरील महत्त्व

सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात शेती, विशेषतः कापूस व सोयाबीन, हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे. सातबारा उतारा, पीकविमा, कर्ज व अनुदान या सर्व बाबी आता ऑनलाइन प्रणालींशी जोडलेल्या आहेत. त्या प्रणालींची केंद्रे जिल्ह्यात नसतात, पण त्या बंद पडल्यास किंवा त्यांत फेरफार झाल्यास त्याची झळ पेरणीच्या तोंडावर कर्जासाठी थांबलेल्या शेतकऱ्याला बसते. लहान संस्थांना स्वतंत्र सुरक्षा तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. त्यांच्यासाठी क्लाउड हा बहुधा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो. मात्र सुरक्षेची जबाबदारी तेथे विभागलेली असते. इमारत, यंत्रे व मूळ नेटवर्क यांचे रक्षण सेवादाता करतो, तर कोणाला कोणता अधिकार द्यायचा, कोणता मार्ग उघडा ठेवायचा व पासवर्ड कोणाजवळ राहील हे ग्राहक संस्थेनेच पाहावयाचे असते. स्वतंत्र प्रवेशनाम, द्विस्तरीय पडताळणी, कर्मचारी बदलताच जुना अधिकार रद्द करणे आणि नोंदींची नियमित तपासणी हे उपाय तुलनेने अल्प खर्चाचे आहेत.

## मर्यादा

कूटबद्धीकरणाने माहितीचे रक्षण होते, परंतु त्यामुळे वाहतुकीतील दूषित मजकूर ओळखणेही कठीण होते. सूक्ष्म-विभाजनाचे नियम अतिशय वाढल्यास ते कोणालाच पूर्णपणे समजेनासे होतात आणि त्यातूनच नव्या चुका संभवतात. हल्ला ओळखून आपोआप विलगीकरण करणारी प्रणाली चुकीच्या संशयावरून रुग्णालयाचा किंवा बँकेचा निर्दोष सर्व्हरही तोडू शकते. म्हणून स्वयंचलित निर्णय कोठपर्यंत चालू द्यावेत व माणसाची संमती कोठे आवश्यक ठेवावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

## हेही पाहा

* मेघ संगणन
* संगणक सुरक्षा
* फायरवॉल
* रॅन्समवेअर
* माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००
* यवतमाळ जिल्हा